कलेचा परवाना : प्राग ते लितोमिश्ल

सोमवार : लेत्नाची टेकडी

प्रागला जाणारी मंडळी पुलावरचे पुतळे, किल्ला आणि जुन्या चौकातलं घड्याळ बघून परततात. आम्हा दोघींचा बेत निराळा होता. फेब्रुवारी १९४८मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट पक्षाने सत्ता ताब्यात घेतली, ती नोव्हेंबर १९८९पर्यंत सोडली नाही. त्या काळात तिथल्या नाटकवाल्यांचं, चित्रकारांचं, कवींचं, गायकांचं काय झालं, ते त्या त्या जागी उभं राहून समजून घ्यायचं होतं. मी पुण्यात प्रायोगिक नाटकांमध्ये काम करते, सोबतची मैत्रीण चित्रकार आहे. नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची आणि प्रमाणपत्राची वाट बघायची, हे मी अनेकदा केलंय. पण ते प्रमाणपत्र मिळाल्यावर नाट्यगृह, कागद, पोस्टर आणि नटाचा पगार यांसाठीही त्याच दारात उभं राहावं लागलं तर कसं असेल, याची कल्पना मला नव्हती.

सुरुवात लेत्नापासून केली. व्लतावा नदीच्या काठावरून पायऱ्या चढून वर गेलं, की एक भलामोठा दगडी चौथरा लागतो. आज त्यावर व्रातिस्लाव कारेल नोव्हाक यांनी १९९१मध्ये उभारलेला लाल मेट्रोनोम, म्हणजे ताल मोजणारा लंबक आहे, आणि खालच्या फरश्यांवर पोरं स्केटबोर्ड खेळत असतात. इथे पूर्वी स्टॅलिनचं स्मारक होतं. साडेपंधरा मीटर उंच, बावीस मीटर लांब, पुढे स्टॅलिन आणि त्याच्यामागे दोन्ही बाजूंना कामगार, शेतकरी, सैनिक यांची रांग. मांसासाठीच्या रांगा तेव्हा रोजच्याच होत्या. प्रागकरांनी स्मारकाचं नावच ‘मांसाची रांग’ असं ठेवलं होतं.

मला इथे शिल्पकाराबद्दल बोलायचंय. ओताकार श्वेत्स १९२०च्या दशकात वेगाने धावणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या शिल्पामुळे नावाजला गेला होता. १९४९मध्ये या स्मारकासाठी स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा देशातल्या नामवंत शिल्पकारांना त्यात उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. निवड श्वेत्सची झाली. पुढची वर्षं त्याने हे एकच काम केलं, तेही पक्ष आणि समित्यांच्या सूचना झेलत. १ मे १९५५ रोजी अनावरण झालं, पण ते बघायला श्वेत्स नव्हता. काही आठवडे आधीच त्याने जीव दिला होता. वर्षभराच्या आत मॉस्कोत सोव्हिएत नेता ख्रुश्चॉव्हने स्टॅलिनचे गुन्हे पक्षासमोर वाचून दाखवले, आणि नोव्हेंबर १९६२मध्ये ज्या सरकारने हे शिल्प उभारलं त्याच सरकारने ८०० किलो स्फोटकं लावून ते उडवलं. एका कलावंताची अखेरची वर्षं आणि त्याचा जीवही ज्यापायी गेला, ते शिल्प आठ वर्षंसुद्धा टिकलं नाही. चौथऱ्याभोवती आम्ही बराच वेळ फिरलो.

त्याच टेकडीवर थोडं पुढे काच आणि पोलादाची एक हलकीफुलकी वक्राकार इमारत आहे. १९५८च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनाला सर्वोच्च मान मिळाला. त्या दालनातलं उपाहारगृह नंतर उचलून इथे आणलं गेलं. आल्फ्रेड रादोक आणि योसेफ स्वोबोदा यांचा चित्रपट आणि रंगमंच एकत्र आणणारा ‘लातेर्ना मागिका’ हा प्रयोग त्याच प्रदर्शनात पहिल्यांदा झाला. स्टॅलिनचं ग्रॅनाइट १९५५चं आणि ही काच १९५८ची. सत्ता तीच, पक्ष तोच. जगासमोर आधुनिक दिसायची गरज पडली, तेव्हा तीन वर्षांपूर्वी ज्याला बूर्झ्वा म्हणून हिणवलं जात होतं ते अभिमानाने मांडलं गेलं. नियंत्रण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक न हलणारी भिंत येते. इथे ती हलत होती, आणि कधी कुठे हलेल हे कलावंताला आधी कळत नव्हतं.

मंगळवार : देइवित्से, मग नदीकाठचं छोटं नाट्यगृह

सकाळी ट्रामने देइवित्सेला गेलो. तिथे मॉस्कोच्या मनोऱ्यांच्या धर्तीवर बांधलेलं एक उंच हॉटेल आहे, १९५०च्या दशकातलं. बाहेरून बघितलं, दोन फोटो काढले, निघालो.

दुपार जुन्या शहरातल्या दिवाद्लो ना झाब्राद्ली या नाट्यगृहापाशी गेली. बोळात लपलेलं, जेमतेम काही ओळींचं नाट्यगृह. वात्स्लाव्ह हावेल इथे १९६०मध्ये रंगमंच कामगार म्हणून आला. त्याच्या घराण्याच्या मालमत्तेमुळे त्याला हवं ते शिक्षण नाकारलं गेलं होतं. डिसेंबर १९६३मध्ये याच रंगमंचावर त्याचं ‘उद्यान-समारंभ’ हे नाटक आलं. सरकारी भाषेतली पोकळ वाक्यं बोलत बोलत त्यातला तरुण नायक वर वर चढतो आणि अखेर स्वतःच्या घरच्यांनाही ओळखू येत नाही. हे नाटक सरकारी पैशावर चालणाऱ्या नाट्यगृहात, सरकारी मंजुरीने झालं. त्याच वर्षी मे महिन्यात लिब्लित्सेच्या वाड्यात काफ्कावर परिषद भरली. प्रागचाच लेखक, पण तोवर त्याचं नाव घेणं अवघड होतं.

वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५३पासून या देशात प्रकाशनपूर्व तपासणीचं एक मोठं खातं होतं. वर्तमानपत्र, पुस्तक, नभोवाणी, सगळं तिथून जायचं. पण ते खातं गुप्त आदेशाने स्थापन झालेलं होतं. आपलं लिखाण कोण कापतं, हे लेखकाला अधिकृतपणे कधी कळतच नसे. १ जानेवारी १९६७पासून नव्या मुद्रण कायद्याने त्याला कायदेशीर रूप आलं, जून १९६८मध्ये तपासणीच रद्द झाली, आणि ऑगस्टमध्ये ही मोकळीक मोडायला सोव्हिएत संघ आणि वॉर्सा करारातल्या त्याच्या मित्रदेशांचे रणगाडे आल्यावर सप्टेंबरमध्ये पुन्हा नवं खातं निघालं. या वेळी पद्धत बदललेली होती. प्रत्येक ओळ आधी वाचायची गरज उरली नाही. जबाबदारी संपादकावर टाकली. काही भलतंसलतं छापलं गेलं तर त्याची नोकरी जाणार, हे त्याला ठाऊक होतं. मग तोच कात्री घेऊन बसला.

बुधवार : नारोद्नी रस्त्याचा कोपरा

आजचा अख्खा दिवस एका चौकात गेला, आणि तरी अपुरा वाटला. नारोद्नी रस्ता नदीला मिळतो तिथे एका बाजूला राष्ट्रीय नाट्यगृह, समोर स्लाविया कॅफे आणि कॅफेच्या वर फामू ही चित्रपट शाळा.

फामू १९४६मध्ये सुरू झाली. चित्रपटउद्योगाचं राष्ट्रीयीकरण त्याआधीच, ऑगस्ट १९४५मध्ये झालं होतं. म्हणजे कम्युनिस्टांची एकहाती सत्ता येण्यापूर्वी. बारांदोव स्टुडिओ, फिल्मची रिळं, प्रयोगशाळा, चित्रपटगृहं, सगळं राज्याचं. खासगी निर्माता नावाचा प्राणीच नाही. याचे दोन अर्थ निघाले, आणि दोन्ही खरे आहेत. १९६०च्या दशकात थोडी ढील मिळाली तेव्हा तिशीच्या आसपासच्या मुलामुलींना धंद्याची फिकीर न करता चित्रपट करता आले. व्हेरा खितिलोव्हा, मिलोश फॉर्मन, यिर्झी मेन्झेल हे सगळे याच शाळेतून बाहेर पडले. मेन्झेलच्या पहिल्याच मोठ्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. तो पैसा सरकारचा होता, हे नाकारून चालणार नाही.

दुसरा अर्थ असा की दार बंद झालं की एकदम सगळीच दारं बंद. मे १९६७मध्ये राष्ट्रीय सभेत एका प्रतिनिधीने खितिलोव्हाच्या ‘डेझीज’वर तोफ डागली. त्यातल्या दोन मुली मेजवानीचं अन्न तुडवतात, त्यामुळे शेतकऱ्यांच्या कष्टाचा अपमान होतो, हा एक आक्षेप. १९६८नंतर तर फॉर्मनचा अग्निशामक दलाच्या नाचाचा चित्रपट कपाटात गेला. मेन्झेलने १९६९मध्ये पूर्ण केलेला ‘लार्क्स ऑन अ स्ट्रिंग’ लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. १९९०मध्ये तो बाहेर आला आणि बर्लिनला त्याला सुवर्ण अस्वल मिळालं. एकवीस वर्षं! खितिलोव्हाला कित्येक वर्षं चित्रपट करू दिला नाही. तिने राष्ट्राध्यक्ष हुसाकला पत्र लिहून काम मागितलं. दिग्दर्शकाला काम मागायला राष्ट्राध्यक्षाकडे जावं लागावं, यातच त्या व्यवस्थेची सगळी रचना कळते.

संध्याकाळी राष्ट्रीय नाट्यगृहात शिरलो. प्रयोगापेक्षा मला वास्तू बघायची होती. ही वास्तू एकोणिसाव्या शतकात लोकवर्गणीतून उभी राहिली, १८८१मध्ये आगीत जळाली, लोकांनी पुन्हा पैसे जमवले आणि १८८३मध्ये पुन्हा उघडली. रंगमंचाच्या वर सोनेरी अक्षरांत लिहिलंय : राष्ट्राने स्वतःला दिलेली भेट, अशा अर्थाचे दोन शब्द. २८ जानेवारी १९७७ रोजी या अक्षरांखाली देशातले नामवंत नट, गायक, संगीतकार, चित्रकार यांना बोलावून बसवण्यात आलं. त्या महिन्याच्या सुरुवातीला ‘सनद ७७’ जाहीर झाली होती. सरकारने ज्या मानवी हक्कांच्या करारांवर सही केलीय ते पाळावेत, एवढीच तिची मागणी. व्यासपीठावरून सनदेचा निषेध करणारं निवेदन वाचलं गेलं आणि सभागृहातून सह्या घेतल्या गेल्या. सनदेचा मजकूर छापलेलाच नव्हता, म्हणजे बहुतेकांनी न वाचलेल्या मजकुराचा निषेध केला. मग सरकारी वर्तमानपत्रात सह्या करणाऱ्यांच्या नावांच्या याद्या दिवसेंदिवस येत राहिल्या. हजारो नावं.

मैत्रीण म्हणाली, “त्यांनी उठून जायला हवं होतं.” मी नाट्यगृहात वाढलेली आहे, मला तसं म्हणवलं नाही. उठून जाणाऱ्याचं नाट्यगृह गेलं असतं, दूरदर्शन गेलं असतं, आवाज देण्याचं काम गेलं असतं, कारण ही सगळी कामं देणारा धनी एकच. मुलांचं महाविद्यालयही त्याच्याच हातात. पण ज्यांनी सही केली नाही त्यांचीही घरं होती, मुलं होती. त्यांच्याकडे पाहिलं की मैत्रिणीचं म्हणणं खोडून काढता येत नाही. स्लावियात बसून आम्ही रात्री उशिरापर्यंत यावर वाद घातला.

गुरुवार : बंदी घातलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय

सेनोवाझ्ने चौकातल्या एका इमारतीत लिब्री प्रोहिबिती नावाचं ग्रंथालय आहे. चोरून टंकलेली आणि परदेशात छापलेली पुस्तकं इथे जपली आहेत. यिर्झी ग्रुन्तोराद यांनी ते १९९०मध्ये स्वतःच्या संग्रहातून सुरू केलं. अशी पुस्तकं पसरवल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता.

लेखक लुदविक वात्सुलिकने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पेत्लित्से’ म्हणजे कडी-कुलूप या नावाने एक मालिका सुरू केली. छापखाना नाही, फक्त टंकलेखन यंत्र. पातळ कागदांमध्ये कार्बन घालून एका वेळी दहा-बारा प्रती. शेवटच्या प्रतीतली अक्षरं धुकट झालेली असतात. प्रत्येक प्रतीवर लेखकाची सही आणि ‘या हस्तलिखिताच्या आणखी प्रती काढण्यास सक्त मनाई’ अशी ओळ. म्हणजे कायद्याने हे प्रकाशनच नाही, लेखकाने मित्राला दिलेलं हस्तलिखित. अर्थात वाचणारा ते घरी नेऊन पुन्हा टंकत असे. बहुतेक टंकलेखन बायकांनी केलं, रात्री जागून, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून यंत्राखाली काहीतरी जाड घालून. त्यांची नावं मुखपृष्ठांवर नाहीत.

एका पुस्तकाचा प्रवास इथे सांगते. कवी यारोस्लाव साइफर्ट यांचा ‘प्लेगचा स्तंभ’ हा संग्रह १९७३मध्ये असाच टंकून निघाला. १९७७मध्ये पश्चिम जर्मनीतल्या निर्वासित प्रकाशकांनी तो छापला. १९८१मध्ये प्रागच्या सरकारी प्रकाशनानेच तो काढला. कवी तेच. दरम्यान त्यांनी सनदेवर सही केली होती, ती काही मागे घेतली नव्हती. १९८४मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा सरकारची चांगलीच पंचाईत झाली. म्हातारे, आजारी, लोकांचे लाडके कवी; त्यांना शत्रू म्हणता येईना आणि आपलेही म्हणता येईना.

संगीताची कथा याहून कडक. १९७०नंतर पैसे घेऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाला समितीपुढे पुन्हा परीक्षा द्यावी लागली. वाजवून दाखवायचं, सिद्धान्त सांगायचा आणि राजकारणावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. केस लांब असणं, गाणी इंग्रजीत असणं, यावरही समितीची नजर. नापास झालात तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर सभागृह नाही, मानधन नाही. ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या गटाचा परवाना असाच गेला. मग ते गावाकडच्या लग्नांत, मित्रांच्या कोठारांत वाजवू लागले. १९७६मध्ये त्यांच्यावर खटला चालला. गटाचा मार्गदर्शक इवान यिरोउस याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. राजकारणाशी देणंघेणं नसलेल्या या केसाळ पोरांसाठी तत्त्वज्ञ, नाटककार आणि एकेकाळचे कम्युनिस्ट एकत्र आले, त्यातूनच सनद ७७ जन्मली.

‘जॅझ विभाग’ ही संस्था मला सगळ्यात हुशार वाटते. संगीतकारांच्या अधिकृत संघटनेचा तो एक विभाग. सभासदांपुरत्या काढलेल्या पत्रिकेला तपासणी लागत नव्हती, ही फट त्यांनी हेरली आणि सभासदांसाठी म्हणून पुस्तकंच काढायला लागले. बोहुमिल ह्राबालची ‘मी इंग्लंडच्या राजाला वाढलं’ ही एका वाढप्याची कादंबरी १९८२मध्ये त्यांनीच काढली. सरकारने १९८६मध्ये त्यांच्या चालकांना अटक केली, पण आरोप बेकायदा व्यवसायाचा ठेवला. सोव्हिएत संघात गोर्बाचॉव्ह मोकळेपणाची भाषा बोलत होता, आणि प्रागमध्ये जॅझवाल्यांवर हिशेबाचा खटला चालू होता.

शुक्रवार : लितोमिश्ल

सकाळच्या गाडीने खोत्सेनपर्यंत, तिथून छोट्या गाडीने लितोमिश्लला. स्मेताना या संगीतकाराचं हे जन्मगाव. १५६८नंतर बांधलेला इथला पुनरुज्जीवनकालीन वाडा जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या भिंती ओल्या गिलाव्याचे दोन थर देऊन, वरचा थर खरवडून काढलेल्या चित्रांनी भरल्या आहेत. दुरून हजारो पाकिटं चिकटवल्यासारखा वाडा दिसतो. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक चौकट निराळी. कुठे फूल, कुठे पक्षी, कुठे वेडावाकडा चेहरा.

हा वाडा बघायला आम्ही आलो त्याचं कारण ओल्ब्राम झोउबेक. जानेवारी १९६९मध्ये रणगाड्यांच्या निषेधार्थ यान पालाख या विद्यार्थ्याने स्वतःला पेटवून घेतलं. तो गेला तेव्हा झोउबेकने त्याच्या चेहऱ्याचा मृत्युमुखवटा घेतला. त्यानंतरच्या वर्षांत झोउबेकला प्रदर्शनं करू दिली गेली नाहीत. चित्रकारांची संघटना मोडून नवी उभारली गेली होती, सभासद निवडून घेतले गेले, आणि सभासदत्वाविना जाहीर काम मिळेना. पण पडक्या वास्तू दुरुस्त करायला कुशल हात हवेच होते. १९७०च्या दशकात झोउबेक, वात्स्लाव्ह बोश्तिक, स्तानिस्लाव पोद्ह्राझ्स्की आणि झ्देनेक पाल्त्सर या चौघांना या भिंती दुरुस्त करण्याचं काम मिळालं. वर्षानुवर्षं ते उन्हाळ्यात परांच्यांवर चढून काम करत राहिले.

जिथे गिलावा पार गळून गेला होता आणि जुन्या चित्राचा मागमूस नव्हता, तिथे त्यांनी स्वतःची चित्रं रचली. दालनात ज्यांना जागा नव्हती, त्यांचं काम गावातल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांसमोर, सरकारी पैशाने, पडद्याविना लागलं. मैत्रीण भिंतीपाशी नाक लावून उभी. “ही रेघ बघ,” ती म्हणाली, “ही सोळाव्या शतकातल्या हाताची नाही.” तिचं बरोबर होतं की नाही हे ठरवायला माझ्याकडे साधन नाही, पण ती एकेक चौकट अशी वाचत गेली आणि मी तिच्यामागून. बोश्तिकसारखा अमूर्त चित्रकार मासे नि पानं खरवडत बसला, याचं वाईट वाटावं की बरं? मला वाईटच वाटतं. साठी ओलांडलेल्या माणसाची ही कामाची वर्षं होती. त्याने त्यातून सुंदर भिंत दिली म्हणून त्याच्यावरचा अन्याय धुतला जात नाही.

वाड्याच्या तळघरात झोउबेकची उंच, कृश शिल्पं उभी आहेत. ती बघायला वेळ ठेवा.

शनिवार : काम्पा

परत प्राग. नदीतल्या काम्पा बेटावरच्या जुन्या गिरणीत मेदा म्लाद्कोव्हा या बाईंनी जमवलेला संग्रह आहे. त्या वॉशिंग्टनला राहत. १९६०च्या दशकापासून प्रागला येऊन, सरकारने वाळीत टाकलेल्या चित्रकारांची कामं त्या विकत घेत आणि बाहेर नेत. यिर्झी कोलार्झची कोलाज इथे आहेत. तो आधी कवी होता, एका अप्रकाशित हस्तलिखितापायी १९५०च्या दशकात तुरुंगात गेला, पुढे त्याने शब्द सोडून कागदच कापायला घेतले.

रात्री खोलीवर यिर्झी त्रन्काचा ‘हात’ हा अठरा मिनिटांचा बाहुलीपट पाहिला. १९६५चा आहे. एक कुंभार आपल्या रोपट्यासाठी कुंड्या घडवत असतो. खोलीत एक भलामोठा हात शिरतो आणि म्हणतो, माझा पुतळा कर. कुंभार नाही म्हणतो. आधी विनवणी, मग पैसा, मग पिंजरा. अखेर तो मरतो आणि तोच हात त्याला सन्मानाने निरोप देतो. त्रन्का स्वतः राष्ट्रीय कलावंत होता, त्याचा स्टुडिओ सरकारी होता. १९६९च्या डिसेंबरअखेर तो वारला, सरकारी इतमामात अंत्यविधी झाला, आणि काही महिन्यांत या चित्रपटाच्या प्रती जप्त झाल्या. मला श्वेत्स आठवत राहिला.

रविवार : आद्रियाचं तळघर

नारोद्नी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आद्रिया इमारत. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी याच रस्त्यावर पोलिसांनी विद्यार्थ्यांना झोडपलं. दुसऱ्या दिवशी नाट्यशाळेची मुलं आणि नट मंडळी भेटली आणि नाट्यगृहांनी संप पुकारला. संप म्हणजे कुलूप नव्हे. प्रेक्षक तिकीट घेऊन यायचे, पडदा उघडायचा, नट नाटक न करता निवेदन वाचायचे आणि सभागृहात चर्चा सुरू व्हायची. गावोगावी नाट्यगृहं राज्यानेच बांधलेली, चालवलेली. दूरदर्शन आणि वर्तमानपत्रं पक्षाच्या हातात असताना बातमी खेड्यापाड्यांत गेली ती याच नाट्यगृहांमधून. चळवळीचं मुख्य ठाणं होतं आद्रियाच्या तळघरातलं लातेर्ना मागिकाचं नाट्यगृह. १९५८मध्ये सरकारने जगाला दाखवायला जे घडवलं, त्याच नावाच्या रंगमंचावरून त्याच सरकारचा राजीनामा मागितला गेला.

मार्ता कुबिशोव्हा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. १९६८मधलं तिचं प्रार्थनेसारखं गाणं लोकांच्या ओठांवर होतं. १९७०मध्ये तिची बनावट अश्लील छायाचित्रं पसरवून तिला गाण्यातून हाकललं गेलं. तिने कारखान्यात काम केलं, सनदेची प्रवक्ती झाली. १९८९च्या त्या नोव्हेंबरात ती वेन्सेस्लास चौकातल्या एका सज्जात उभी राहिली आणि तेच गाणं गायली. चौक माणसांनी भरला होता.

आज आद्रियाच्या परिसरात चित्रपट आणि नाटकाच्या पैशाबद्दल बोलणारे लोक निराळ्या काळज्या सांगतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बारांदोव खासगी झालं, राज्याचा हात आखडला, तरुण दिग्दर्शकांना जाहिरातींकडे वळावं लागलं. मला दोन्ही काळज्या खऱ्या वाटतात, पण त्या एका तराजूत घालायला मी तयार नाही. पैसा न मिळाल्याने अडलेला चित्रपट आणि तयार होऊन एकवीस वर्षं कपाटात ठेवलेला चित्रपट यांतला फरक मेन्झेलला विचारायला हवा होता.

जाणाऱ्यांनी लितोमिश्लसाठी अख्खा दिवस राखावा, आणि लिब्री प्रोहिबितीत आधी वेळ ठरवून जावं. आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत ‘हात’ दाखवायचं ठरवलंय. त्यानंतर २८ जानेवारी १९७७च्या त्या सभागृहावर चर्चा ठेवू, आणि मैत्रीण तिची बाजू पुन्हा मांडेल.